सुई आणि जनुक
मेंढी एका माजाला साधारण एक-दोन बीजांडं सोडते. १९३० साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात बीजांडकोश चेतवणारं संप्रेरक सापडलं. १९६०च्या दशकात सिडनीच्या रॉबिन्सन यांनी प्रोजेस्टोजेनच्या स्पंजने अख्ख्या कळपाचा माज एकाच वेळी आणून दाखवला. पण घोडीचं संप्रेरक शरीरात रेंगाळतं, भ्रूणांचा दर्जा घसरतो; म्हणून एफएसएच आलं, दिवसातून दोनदा टोचायचं. तरीही एखादी मेंढी दहा भ्रूण देते, शेजारची एकही नाही. आता गंमत बघा. बंगालच्या गॅरोल मेंढीत जास्त बीजांडांचं जनुक मुळातच होतं. फलटणच्या निंबकर संस्थेने ते दख्खनी मेंढीत उतरवलं. सुईचा गुण त्या मेंढीपुरताच. जनुक मात्र लेकी-नातींपर्यंत जातं.