कोळ्याच्या जेवणाचा प्रश्न

आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत जळमटं काढायचं खातं माझ्याकडे आहे. माळ्यावरच्या कोपऱ्यात मला कधी माशी दिसली नाही की डास. मग तिथला कोळी खातो तरी काय? प्रश्न बाळबोध वाटेल, पण तीनशे वर्षांपूर्वी एका होऊ घातलेल्या उद्योगाचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

१७०९ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या बाँ नावाच्या बड्या अधिकाऱ्याने कोळ्यांच्या अंड्यांभोवतीचे रेशमी कोश जमवले आणि त्या धाग्याचे चक्क मोजे आणि हातमोजे विणवून घेतले. सगळीकडे वाहवा झाली. मग यात धंदा आहे का, हे तपासायचं काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीने रेऑम्युर या तरुण शास्त्रज्ञावर सोपवलं.

त्याने कोळी पाळले. एकत्र ठेवले तर ते एकमेकांनाच खाऊ लागले! वेगळे ठेवावेत, तर एवढ्यांना खायला काय घालायचं? गांडुळांचे तुकडे झाले, पक्ष्यांच्या कोवळ्या पिसांचे देठ झाले. एक पौंड रेशमाला साडेसहा लाखांवर कोळी लागतील, असा त्याचा हिशोब. तेवढ्यांना फ्रान्सभरच्या माश्याही पुरल्या नसत्या. १७१० मध्ये त्याने हे मांडलं आणि विषय तिथेच बारगळला.

गंमत म्हणजे रेऑम्युरला जे नडलं, तेच घरातल्या कोळ्याला तारतं. एका कोपऱ्यात एकटं राहायचं, हलायचं कमी, म्हणजे भूकही कमी. एकदा पोटभर मिळालं की पुढे कितीतरी आठवडे, काही जाती तर महिनोन्महिने, अन्नावाचून काढतात. भक्ष्यावर पाचक रस सोडून त्याचं पातळ झालेलं शोषून घ्यायचं. काड्यांसारख्या पायांचा कोळी तर संधी मिळाली की दुसऱ्या कोळ्यालाही सोडत नाही. आणि तो मोठा चपटा, ज्याला बघून घरात किंकाळी फुटते, तो जाळं विणतच नाही. रात्री फिरून झुरळं मारतो.

पुढे मादागास्करमध्ये सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी दहा लाखांहून जास्त कोळ्यांच्या रेशमाचं सोनेरी वस्त्र विणवून घेतलं. ते २००९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं गेलं. हे कोळी घरातले नव्हेत, रानातले. पण जेवणाचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला? कोळी पकडायचे, धागा काढून घ्यायचा आणि पुन्हा सोडून द्यायचे. आपलं जेवण ते आपणच शोधत.

हे सगळं आईला ऐकवलं. ती म्हणाली, "ते राहू दे, पाहुणे आले की वर बघतात." अखेर तह झाला. धुळीने काळी पडलेली, सोडून दिलेली जाळी काढायची. त्यात तसंही आता काही अडकत नाही. कोळी बसलेलं जाळं मात्र ठेवायचं. दिवाणखाना सोडून, अर्थात.