उमेदभवन राजप्रासाद

राजस्थान राज्यातील जोधपूर शहरात छित्तर टेकडीवर वसलेला, भूतपूर्व जोधपूर (मारवाड) संस्थानच्या राठोड घराण्याचा प्रासाद. बांधकाम चालू असताना तो टेकडीच्या नावावरून ‘छित्तर प्रासाद’ म्हणून ओळखला जाई, पुढे महाराजा उमेदसिंह (कार. १९१८–४७) यांचे नाव त्यास प्राप्त झाले. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १९४३ मध्ये काम पूर्णत्वास गेले.

मारवाडात पर्जन्यमान अत्यल्प असल्याने अवर्षण ही तेथील नित्याची आपत्ती होय. लागोपाठच्या दुष्काळांत प्रजेला रोजगार मिळावा, हा या बांधकामाचा एक हेतू मानला जातो. सु. तीन हजार मजूर तेथे काम करीत. त्यावर सु. एक कोटी रुपये खर्च झाले. मात्र दुष्काळी काम म्हणून बांधलेला तलाव वा बंधारा पुढील अवर्षणातही उपयोगी पडतो. प्रासादाने मजुरी दिली, पाणी दिले नाही. या दृष्टीने जवाई धरण अधिक लोकोपयोगी ठरले. तेही उमेदसिंहांच्याच कारकीर्दीत, १९४६ मध्ये सुरू झाले; परंतु ते पुरे होण्यास १९५७ साल उजाडले.

प्रासादाचा आराखडा हेन्री व्हॉन लँचेस्टर या ब्रिटिश वास्तुविशारदाने तयार केला. बांधकाम पिवळसर-तांबूस वालुकाश्माचे असून दगडी चिरे खाचा पाडून परस्परांत गुंतविले आहेत. प्रासादात ३४७ दालने असून मध्यवर्ती घुमट सु. ३२ मी. उंच आहे. युरोपीय अभिजात रचना, तत्कालीन ‘आर्ट डेको’ शैली आणि राजपूत वास्तुपरंपरा यांचा येथे मेळ दिसतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून येणारे सजावटीचे साहित्य जहाजासह बुडाल्याने, युद्धामुळे मायदेश सोडून आलेला पोलिश चित्रकार स्टेफान नॉर्ब्लिन याच्याकडे अंतर्गत सजावटीचे काम सोपविण्यात आले. त्याने रामायणातील प्रसंगांवर भित्तिचित्रे रंगविली.

प्रासाद पुरा झाल्यावर चार वर्षांतच, जून १९४७ मध्ये, उमेदसिंह निधन पावले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र हनवंतसिंह यांनी संस्थान भारतात सामील केले व १९४९ मध्ये ते राजस्थानात विलीन झाले. हनवंतसिंह जानेवारी १९५२ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. त्या वेळी त्यांचे वारस गजसिंह अवघे चार वर्षांचे होते. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्यामुळे एवढ्या विस्तीर्ण वास्तूची निगा राखण्यासाठी उत्पन्नाचे नवे साधन शोधणे क्रमप्राप्त झाले. त्यातूनच १९७० नंतरच्या दशकात प्रासादाच्या एका भागात हॉटेल सुरू झाले. निवासस्थान, हॉटेल आणि वस्तुसंग्रहालय असे प्रासादाचे तीन भाग असून हॉटेलची व्यवस्था २००५ पासून ताज समूहाकडे आहे.

प्रशस्त उद्याने व दरबारी थाट यांमुळे श्रीमंतांच्या विवाहसमारंभांसाठी हे स्थळ प्रसिद्धीस आले. २००७ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री एलिझाबेथ हर्ली व अरुण नायर यांचा विवाहसोहळा येथे झाला. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री प्रियांका चोप्रा व अमेरिकन गायक निक जोनास यांचा विवाह हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही पद्धतींनी पार पडला. अशा समारंभांमुळे मांडव, फुले, रोषणाई, स्वयंपाक व लोकसंगीत या व्यवसायांतील लोकांना काम मिळते. दुष्काळात मजुरीचे साधन ठरलेली ही वास्तू अशा रीतीने निराळ्या प्रकारे रोजगार पुरविते. मात्र हा रोजगार लग्नसराईपुरता असतो. सामान्य जनतेला वस्तुसंग्रहालयाच्या भागात प्रवेश मिळतो.