जबलपूरची मराठी नकाशात कुठे दाखवायची?

डिसेंबर १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपले प्रांत भाषेनुसार आखले. त्यात मध्यप्रांताच्या मराठी भागाचे मुख्य ठाणे नागपूर ठरले आणि हिंदुस्तानी भागाचे जबलपूर. राजकारणापुरती ही वाटणी योग्यच होती. जबलपूरच्या आसपासची खेडी काही मराठी नव्हेत. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक सुरू झाले होते. त्याचे संपादक माखनलाल चतुर्वेदी आणि पाठीराखे माधवराव सप्रे. सप्रे दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचे, मराठी घरातले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि रामदासांचा ‘दासबोध’ त्यांनीच हिंदीत नेला. आयुष्यभर हिंदी गद्य घडवणाऱ्या या मराठी माणसाला भाषेच्या नकाशात कोणत्या रंगात दाखवणार? नकाशा भाषेला जमिनीशी बांधतो. जबलपुरात मराठी जमिनीतून उगवली नाही, ती सत्तेमागून आणि नोकरीमागून आली. म्हणून रंगांचे पट्टे इथे, दाखवले तरी आणि वगळले तरी, दिशाभूलच करतात.

१७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतला, १७९८मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. राज्य गेले तरी मराठी माणसांची वाट बंद झाली नाही. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर झाली, म्हणजे सरकारी कामाचा ओढा पुन्हा मराठी मुलखाशी जोडला गेला. १८७०मध्ये मुंबईकडून येणारी जीआयपी आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरातच एकमेकींना मिळाल्या. १९०४मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, नंतर खमरियाचा दारूगोळा कारखाना. बदलीच्या नोकरीत भाषा क्वार्टरात राहते, शेतात नाही. आणि क्वार्टर रिकामे झाले की तीही उठते.

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५मध्ये आला. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता. माहिती गोळा केली ती जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत, बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे बोलीबोलीत भाषांतर करवून. ही पद्धत खेड्याची बोली टिपायला चांगली. घरात एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलणारा कारकून मात्र तिच्यात सापडत नाही. मराठीचे सोडाच, खुद्द हिंदीची रेघही इथे निसरडी आहे. ग्रियर्सनने जबलपूरकडची बोली पूर्व हिंदीतल्या बघेलीखाली घातली आणि पश्चिमेला लागूनच पश्चिम हिंदीतली बुंदेली सुरू होते. आजची जनगणना दोन्ही हिंदीतच मोजते, त्यामुळे तीही सीमा दिसेनाशी होते.

यावर कोणी म्हणेल, मूठभर घरांसाठी नकाशा कशाला बिघडवायचा? सौंसर, पांढुर्णा, मुलताई इथे मराठी खरोखर गावागावांत आहे. तिथे पट्टा रंगवा, जबलपूर कोरे ठेवा. राज्यांच्या सीमा आखताना हे पटते, कारण सीमेला रेघच लागते. पण तीच रेघ इतिहास म्हणून वाचली, की सप्र्यांसारखा माणूस अपवाद ठरतो, आणि तो अपवाद नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जनगणना माणसागणिक मातृभाषा विचारते, मग अंदाज कशाला? ती मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषाही नोंदवते, हे खरे. पण कोणती भाषा कुठे, कोणाशी बोलता, हे विचारत नाही. हा पेच फक्त आपला नाही. युक्रेनच्या २००१च्या जनगणनेत स्वतःला रशियन वंशाचे म्हणवणारे १७.३ टक्के होते, रशियनला मातृभाषा म्हणणारे २९.६ टक्के. रशियनभाषक मुलूख कोणता, याची उत्तरे एकाच जनगणनेत दोन निघाली, आणि दोन्ही भाषा रोज वापरणारा माणूस दोन्हींत नीट उमटला नाही.

जबलपूरसाठी पट्ट्यांऐवजी ठिपके हवेत, प्रत्येक ठिपक्यापुढे सन घातलेला: १७८१नंतरचे कारभारी, १८७०नंतरचे रेल्वेचे बाबू, १९०४नंतरचे कारखान्यातले लोक. त्यासाठी जनगणनेच्या तक्त्यांपेक्षा शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, रेल्वेचे हजेरीपट आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या वह्या आधी उघडाव्या लागतील.