मुंबई विद्यापीठाची 'सिस्टिम' बिघडली की जबाब कोणाला विचारायचा?

निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही. उघडली तर पेपर लिहिलेला असूनही मार्कशीटवर 'गैरहजर' दिसतं. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं की उत्तर येतं, 'हे युनिव्हर्सिटीचं आहे'. लोकल पकडून कलिन्याच्या परीक्षा भवनात गेलं की तिथे ऐकायला मिळतं, 'सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे'. दादर-परळच्या कॉलेजांतल्या पोरांना हा प्रवास पाठ आहे.

पण ही सिस्टिम चालवतं कोण? आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?

कागदावर याचं उत्तर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद ही नावं निवडणुकांमुळे तरी कानावर पडलेली असतात. याच कायद्यात 'माहिती तंत्रज्ञान मंडळ' नावाचं एक वेगळं प्राधिकरणही आहे. शिक्षण, प्रशासन, हिशेब आणि परीक्षा या सगळ्यांत तंत्रज्ञान कसं वापरायचं, याची आखणी करणं हे त्याचं काम. परीक्षांसाठी वेगळं परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, त्याचा पूर्णवेळ संचालक असतो. पैशांचा हिशेब वित्त व लेखा समिती बघते आणि मोठे निर्णय व्यवस्थापन परिषदेपुढे जातात. राज्यपाल कुलपती म्हणून सगळ्यांच्या वर.

म्हणजे एखादं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर त्याला किमान तीन-चार टेबलांवरून जावं लागतं. गंमत अशी, की यातल्या बहुतेक टेबलांच्या मुख्य खुर्चीवर एकच व्यक्ती बसते: कुलगुरू. कुलगुरूंनीच एखादी योजना मनावर घेतली, तर 'थांबा, अजून तयारी झालेली नाही' असं त्यांना कोण सांगणार? २०१७ च्या उन्हाळ्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

२०१७ मध्ये काय झालं होतं?

तेव्हाचे कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेवर बारकोड लावायचा, पानं स्कॅन करायची आणि प्राध्यापकांनी लॉगइन करून स्क्रीनवर गुण द्यायचे. बेरीज मशीन करणार, त्यामुळे बेरजेच्या चुका टळतात. पेपर कोणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि गठ्ठे इकडून तिकडे नेताना होणारे गैरप्रकारही थांबतात.

घोळ वेळेचा होता. परीक्षा सुरू झाल्या होत्या आणि बंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीला काम मिळालं एप्रिलच्या अखेरीस. समोर होत्या ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांना ही पद्धत शिकवायची होती. सर्व्हर अडकले, लॉगइन होईनात, मूळ उत्तरपत्रिका एकीकडे आणि तिची पुरवणी दुसरीकडे असे प्रकार झाले.

निकाल शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लागावा, असं कायदा सांगतो. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली. महाविद्यालयांतले तास काही दिवस बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं गेलं. तरीही मुदत हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. १८ जुलै १८५७ ला स्थापन झालेल्या विद्यापीठाला १६० वर्षं पूर्ण झाली ती याच गोंधळात.

ज्यांना परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढचा प्रवेश घ्यायचा होता, त्यांच्यासाठी हा उशीर म्हणजे एक अख्खं वर्ष होतं. हातात मार्कशीट नसेल तर तिथलं प्रवेशाचं दार कोणासाठी उघडं राहत नाही. विद्यार्थी हायकोर्टात गेले. ऑगस्टमध्ये देशमुखांना रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार देण्यात आला आणि २४ ऑक्टोबरला देशमुखांना पदावरून दूर केलं गेलं. विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या एप्रिलमध्ये माटुंग्याच्या रुईया कॉलेजचे प्राचार्य डॉ. सुहास पेडणेकर कुलगुरू झाले.

मग देखरेख करणारी मंडळं कुठे होती?

कायदा नवाकोरा होता आणि त्यानुसार निवडून येणारी माणसं अजून यायची होती. अधिसभेतल्या पदवीधरांच्या जागांसाठी मतदान झालं ते मार्च २०१८ मध्ये, म्हणजे घोळ होऊन गेल्यावर. प्रश्न विचारायची जागा रिकामी असताना विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत मोठा तांत्रिक बदल उरकला गेला. जबाबदारी एकट्या कुलगुरूंवर टाकून विषय मिटवणं सोपं आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे.

बाहेरची कंपनी नेमणं यात गैर काही नाही. एवढा पसारा कुठलंच विद्यापीठ एकट्याने सांभाळत नाही. पण डेटा कोणाच्या ताब्यात राहील, सर्व्हर पडला तर दंड किती आणि आधी लहान प्रमाणात चाचणी होणार का, हे करारात लिहून घेणं विद्यापीठाचंच काम. ऑक्टोबर २०२० मध्ये दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे 'आयडॉल'च्या, ऑनलाइन परीक्षा कोलमडल्या. सायबर हल्ला झाल्याचं विद्यापीठाने सांगितलं आणि पेपर पुढे ढकलावे लागले. तेव्हाही फटका बसला तो स्क्रीनसमोर बसलेल्या विद्यार्थ्यालाच.

तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे परीक्षा आणि निकाल कॉलेजचा, पदवी विद्यापीठाची. त्यामुळे तक्रार आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडे.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केलाय. स्कॅन केलेल्या पेपरमध्ये पुरवणी आहे की नाही, हे त्या प्रतीतच दिसतं. आणि माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या बैठका कधी झाल्या, त्यात काय ठरलं, याचं इतिवृत्तही त्याच कायद्याखाली मागता येतं. अर्जाची फी १० रुपये.