ग्रॅनाइटखालचे सिंक : सिलिकॉन चिकटवते, भार पेलत नाही

ओट्यावर काठ न दिसणारे, ग्रॅनाइटच्या खालून बसवलेले सिंक दिसायला छान. सांडलेले पाणी, खरकटे थेट आत लोटता येते. पण हे सिंक दगडावर टेकत नाही, खाली लटकते. गफलत होते ती इथेच.

वजन : आतून 22 बाय 16 इंच आणि 8 इंच खोल सिंक काठोकाठ भरले, तर सुमारे 45 लिटर, म्हणजे 45 किलो पाणी. भांडी वेगळीच. एवढा भार नुसत्या सिलिकॉनवर सोडला तर सांधा उकलतो आणि सिंक खाली येऊ शकते. म्हणून खाली लोखंडी अँगलची चौकट किंवा कडाप्प्याचा आधार हवाच. तो ग्रॅनाइटवाला देणार की प्लंबर, हे काम ठरवतानाच बोलून घ्यावे. नंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

कापणी : सिंक आधी आणावे, मगच दगड कापावा. कोपरे गोल ठेवावेत. काटकोनातून तडा जाण्याची भीती असते. कापलेली कड समोर दिसते, तिला पॉलिश हवे. नळाचे भोकही तेव्हाच पाडून घ्यावे.

सांधा : दगडाची खालची बाजू स्वच्छ आणि कोरडी हवी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन संगमरवराला चालत नाही. न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. लावल्यावर किमान 24 तास सिंक वापरू नये.

तपासणी : सिंक भरून तासभर ठेवावे, खाली कोरडा पेपर अंथरावा. मग पाणी सोडून पाइपचे जोडही बघावेत. पेपर कोरडा राहिला, तरच मिस्त्रीचा हिशेब पुरा करावा.