रवी, डेरा आणि घरचं ताक



देवणी आणि लाल कंधारी या नामांकित गाई आपल्याच मुलखातल्या. देगलूर भागात पूर्वी दुभतं असलेल्या घरी डेरा आणि रवी असायचीच. याचं कारण साधं होतं. रस्ते कच्चे, ऊन कडक. सकाळचं दूध बाजाराला पोहोचेपर्यंत नासायचं. तूप मात्र महिनोन्‌महिने टिकतं. म्हणून निजामाच्या राजवटीत आणि १९४८ नंतरही बरीच वर्षं आडगावचं दूध बाजारात जायचं ते तुपाच्या रूपानं.

रात्री तापवलेल्या दुधाला विरजण लावायचं. पहाटे दही डेऱ्यात ओतून रवी खांबाला अडकवायची आणि दोरीनं घुसळायची. घुसळताना स्निग्धांशाचे बारीक कण एकमेकांवर आदळतात, त्यांचं वेष्टण फुटतं आणि ते चिकटून लोण्याचा गोळा होतो. दही फार गरम असलं तर लोणी पातळ राहतं, फार गार असलं तर लवकर येत नाही. म्हणून उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट पाणी घालतात. आपल्या आज्या हे सारं हाताच्या अंदाजानं करत.

युरोपात १८७८ साली गुस्ताफ द लाव्हाल यांनी दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र बनवलं. तिकडं साय घुसळतात. आपण अख्खं दही घुसळतो. सात टक्के फॅटच्या दहा किलो म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७०० ग्रॅम. तूप विकलं म्हणजे तेवढाच घराबाहेर गेला. प्रथिनं आणि चुना बहुतेक सगळा ताकात राहिला, तो लेकराबाळांच्या पोटात गेला. उरलेलं ताक शेजारी फुकट मागून नेत. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ ही म्हण त्यातूनच आली.

१९७० साली ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली आणि पुढं खेड्यापाड्यांतून दूध गोळा होऊ लागलं. दुधाला रोख पैसा आला, हे चांगलंच झालं. पण दुधासोबत ताकही घराबाहेर गेलं, हे हिशेबात कुणी धरलं नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, सगळं दूध विकू नका. रोज लिटर-दोन लिटर घरी विरजा. रवी आणि भांडं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा, पहाटेच्या गारव्यात घुसळा, आणि ताक आधी लेकरांना द्या.