ग्रहणात कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

ग्रहण जवळ आलं की माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, सुनेला घेऊन आलेल्या सासूबाईंचा: "डॉक्टर, हिला सातवा महिना आहे. ग्रहण कडक पाळायला हवं ना?" दुसरा, कॉलेजच्या मुलांचा: "डॉक्टर, एखादी जुनी एक्स-रे फिल्म द्या ना, सूर्य बघायचाय." पहिल्या प्रश्नामागे मोठी भीती असते, पण ग्रहणापासून त्या बाळाला धोका काहीच नसतो. दुसऱ्या प्रश्नात भीती नावालाही नसते, पण डोळा कायमचा अधू होऊ शकतो. ही उलटापालट कशी झाली, हे समजून घ्यायला आपल्याकडच्या ग्रहणांचा इतिहास थोडा पाहू या.

आधी एक अलीकडचा अनुभव सांगतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमारास, पण वेध दुपारीच सुरू झाले होते. संध्याकाळी बदलापूरहून एका गर्भवतीला माझ्याकडे आणलं. तिला गरोदरपणातला मधुमेह होता. वेध लागले म्हणून दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. इन्सुलिन मात्र 'औषध चुकवायचं नाही' म्हणून तिने नेमाने घेतलं होतं. दरदरून घाम, थरथरणारे हात, अडखळणारं बोलणं. रक्तातली साखर ४८. ग्लुकोज दिल्यावर ती थोड्याच वेळात सावरली. चंद्र तेव्हा अजून स्वच्छ होता, ग्रहण लागायला तीन तास बाकी होते.

म्हणजे तिला त्रास ग्रहणाचा झाला नाही, ग्रहण पाळण्याचा झाला.

आपल्या पूर्वजांना ग्रहण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवलं, की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. आपल्या कोकणातलं उदाहरण घ्या. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. त्यातल्या सोप्या रीतींनी महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं बनत राहिली. जुन्या गणितात काळानुसार चूक साचत जाते, म्हणून केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना, यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघालं. पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ग्रहणाची वेळ काढणाऱ्यांना राहू-केतू हे सूर्याला गिळणारे राक्षस नसून गणितातले बिंदू आहेत, हे पुरतं ठाऊक होतं. पण घरोघरी पोचली ती वेळ आणि तिच्यासोबतचे नियम. कारण मागेच राहिलं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रातून दिसलं. ते पाहायला युरोपातून शास्त्रज्ञ आले होते. फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्या दिवशी एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून ती रेषा ग्रहणाशिवायच पाहिली. ती कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती, म्हणून नव्या मूलद्रव्याला नाव मिळालं हेलियम. लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावर शोधला असं आपल्याकडे सांगतात. ते विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण १८९८ च्या ग्रहणाला.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी एमआरआय करून घेतला असेल. त्या यंत्रातला प्रचंड चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, जवळजवळ उणे २६९ अंश सेल्सिअसला. मणक्यातली सरकलेली चकती किंवा मेंदूतली गाठ आज आपल्याला दिसते, त्यामागच्या साखळीची एक कडी त्या ग्रहणात आहे.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहणही महाराष्ट्रातून गेलं. विजयदुर्गाला लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला. तेव्हा मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलं होतं. वर्षभर आधीच, १० जानेवारी १८९७ ला, हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. लोक लसीला घाबरत होते आणि ग्रहणालाही. साथ आणि ग्रहण यांचा संबंध जोडायची सवय आपल्याकडे अजून टिकून आहे. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणाने करोना संपणार, असे निरोप मलाही व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. तो संपला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण मला स्वतःला आठवतं. मी शाळेत होतो. खग्रास पट्टा अंकोल्याकडून हैदराबादजवळून पुरीकडे गेला. आपल्याकडे खंडग्रास होतं, पण सूर्याचा बराच भाग झाकला गेला. दुपारी अंबरनाथच्या आमच्या चाळीत दारं-खिडक्या बंद. उल्हासनगरच्या कॅम्पातही रस्ते ओस, असं नंतर मित्रांनी सांगितलं. लोकांनी घरातच थांबावं म्हणून दूरदर्शनवर सिनेमा लागला होता. शेजारच्या गर्भवती काकूंना चटईवर सरळ झोपवून ठेवलं होतं. हलायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ग्रहण सुटल्यावर त्या उठल्या तेव्हा चक्कर येऊन पडल्या. १५ वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीत आलेलं ग्रहण मात्र दूरदर्शनने थेट दाखवलं, आणि त्याच चाळीतली मुलं गच्चीवर गेली. मोठा बदल झाला होता. पण त्यातल्या काहींच्या हातात एक्स-रे फिल्म होती.

आता वैद्यकीय मुद्दे.

गर्भवतीने ग्रहणात सुरी-विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत फक्त आपली नाही, मेक्सिकोतही तशीच आहे. प्रत्यक्षात बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू त्यानंतर लवकरच. सातव्या महिन्यात तो कधीच तयार झालेला असतो. ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता, धूम्रपान, फिट्सची काही औषधं अशी कारणं असतात. म्हणून काळजी घ्यायची ती दिवस राहण्याआधीपासून: फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा आणि चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. फिट्सची गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. ग्रहणाच्या दिवशी गर्भवतीने वेळेवर जेवावं, पाणी प्यावं, झोप आली तर झोपावं. मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहणं हा जिवाशी खेळ आहे. श्रद्धा असेल तर आणखी एक सांगतो: पंचांगातसुद्धा लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेधाचा काळ कमी दिलेला असतो. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण हेही ग्रहणाला घाबरू नका असंच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

डोळ्यांचा धोका मात्र खरा आहे, तो फक्त सूर्यग्रहणात. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहा. ग्रहणात सूर्यातून वेगळे, विषारी किरण निघत नाहीत. एरवी आपण सूर्याकडे टक लावू शकत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड मंदावतो, डोळे दिपत नाहीत, आणि आपण पाहत राहतो. उरलेली कोर मात्र तितकीच प्रखर असते. तिच्या प्रकाशाने दृष्टिपटलाच्या मध्यभागी इजा होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसतो, अक्षरं वाकडी दिसतात. अनेकांची नजर काही महिन्यांत बरीच सुधारते, काहींची कधीच पूर्ण सुधारत नाही. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही सुरक्षित नाही. फिल्ममधून सूर्य अंधूक दिसतो, पण न दिसणारे किरण आत जाऊ शकतात. आयएसओ १२३१२-२ हे मानक असलेला, ओरखडे नसलेला ग्रहणचष्मा वापरा. तो लावून दुर्बिणीतून मात्र पाहू नका. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भिंतीवर पडलेली सूर्याची कोर पाहा. झाडाखाली पानांच्या फटींतूनही अशाच शेकडो कोरी जमिनीवर पडतात.

आपल्याकडून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवारी, दिव्यांच्या अवसेला आहे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास असेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल, अर्थात पावसाळी ढगांनी परवानगी दिली तर. आपल्याकडे सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही, त्यामुळे एक क्षणभरही चष्मा काढायचा नाही. ३१ डिसेंबर २०२८ ला, नववर्षाच्या आदल्या रात्री, पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास चंद्रग्रहण आहे. थंडीतलं आकाश स्वच्छ असतं. बदलापूरच्या पुढे वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. मुलांना एकदा जरूर न्या.

ग्रहणानंतर उल्हास नदीवर स्नान करायचं असेल तर करा, दान द्यायचं असेल तर द्या. फक्त घरातल्या गर्भवतीला आणि मधुमेही आजोबांना वेळेवर जेवायला घाला. सूर्यग्रहण पाहिल्यावर कुणाच्या नजरेत मधोमध डाग दिसू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाला दाखवा.